लेडी ॲन क्लिफर्डच्या रोजनिश्या : कुठून वाचायला घ्याव्यात आणि वाचताना काय चुकतं

दप्तरदार

सतराव्या शतकातल्या इंग्लंडवर वाचणारे बहुतेक लोक राजे, पार्लमेंट आणि लढाया यांतच अडकतात. त्याच काळात एक बाई साठ वर्षांहून जास्त काळ स्वतःच्या आयुष्याची नोंद ठेवत होती. तिच्यासाठी हा धागा.

ॲन क्लिफर्डचा जन्म ३० जानेवारी १५९० चा, यॉर्कशरमधल्या स्किप्टनच्या किल्ल्यातला. वडील जॉर्ज क्लिफर्ड, कंबरलँडचे तिसरे अर्ल. आई मार्गारेट रसेल. दोन्ही भाऊ लहानपणीच गेले, त्यामुळे ती एकुलती एक उरली. १६०५ मध्ये वडील वारले. मृत्युपत्रात त्यांनी सगळी जहागीर आपल्या भावाला, फ्रान्सिसला दिली आणि मुलीच्या वाट्याला १५,००० पौंड ठेवले. ॲनने हे कधीच मान्य केलं नाही. जहागीर हाती यायला १६४३ साल उजाडलं.

"तिची डायरी" असं आपण एकवचनात म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. हाती आहेत ते चार वेगळ्या जातीचे कागद.

पहिला, १६०३ ची आठवण. एलिझाबेथ राणीचा मृत्यू आणि जेम्स राजाचं आगमन त्यात येतं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, लिखाण मात्र नंतरचं. दुसरा, १६१६, १६१७ आणि १६१९ या तीन वर्षांच्या रोजनिश्या. मधलं १६१८ नाही. यांचं तिच्या हातचं मूळ आज उरलेलं नाही, पुढच्या शतकांत झालेल्या नकलांवरच भिस्त आहे. १९२३ मध्ये लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टने छापल्या त्या याच. तिसरा, म्हातारपणी लिहवून घेतलेला जीवनवृत्तान्त आणि त्याला जोडून १६५० ते १६७५ पर्यंतचा दरसालचा गोषवारा. चौथा, १६७६ च्या पहिल्या तीन महिन्यांची रोजची नोंद. ती मृत्यूच्या आदल्या दिवशी थांबते.

वाचायला सुरुवात दुसऱ्यापासून करा, आणि त्यातही १६१६ पासून. तिसरा भाग आधी घेतला तर किल्ले, प्रवास आणि नातवंडांची नावं यांत माणूस हरवतो. ती कशासाठी झगडत होती हे तोवर कळलेलंच नसतं.

शंकासूर

धागा उत्तम. एक शंका. वडिलांनी मृत्युपत्र केलं, भावाला दिलं, विषय संपला. मग हिचा दावा उभा कशावर राहिला?

कायदेकानू

शंकासूर, सगळ्या रोजनिश्यांची किल्ली याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौदाव्या शतकात दुसऱ्या एडवर्डच्या काळात क्लिफर्ड घराण्याला जमीन मिळाली ती "पोटच्या संततीकडे" जावी या अटीवर. मुलगा की मुलगी, असा भेद त्यात नव्हता. इंग्लिश कायद्यात याला एन्टेल म्हणत. आजचा धनी हा एका अर्थी फक्त हयातीपुरता वहिवाटदार, पुढचा वारस आधीच ठरलेला.

आता एन्टेल मोडता येत नव्हतं असं नाही. वकिलांनी त्यासाठी लुटुपुटीच्या दाव्याची युक्ती शोधून काढली होती आणि ती सर्रास वापरली जाई. पण इथे अडचण होती. वंश खुंटला तर जमीन राजाकडे परत जायची होती, आणि जिथे राजाचा असा माघारी हक्क असेल तिथे ही युक्ती चालणार नाही असा कायदा आठव्या हेन्रीच्या काळात झाला होता. म्हणजे जॉर्जने मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी जे त्याचं नव्हतंच ते त्याला देता येत नव्हतं. आई आणि मुलगी यांचा दावा थोडक्यात हा.

दुसरी गोष्ट आईची. नवऱ्यामागे मार्गारेटला निर्वाहासाठी उत्तर इंग्लंडातल्या वेस्टमोरलंड परगण्यातल्या जमिनी लावून दिलेल्या होत्या, आपल्याकडे चोळीबांगडीची जमीन म्हणायचे तशातल्या. ती जिवंत असेतो ब्रूअम, ॲपलबी हे किल्ले तिच्या ताब्यात. ती गेली की ताबा मोकळा आणि झटापट सुरू. म्हणून १६१६ च्या रोजनिशीत आईच्या तब्येतीची बातमी येते तेव्हा ती मायेची असते आणि मिळकतीचीही. दोन्ही एकाच वाक्यात. तिला लोभी ठरवणारे वाचक इथेच घसरतात.

दप्तरदार

याला जोडून एक. आईने जुनी दानपत्रं, सनदा, खटल्यांचे कागद शोधून त्यांच्या नकला करवून घेतल्या होत्या. सेंट लो निव्हटनसारखे जुने कागद वाचणारे जाणकार त्या कामाला लावले होते. पुढे ॲनने त्यातून घराण्याचे मोठे ग्रंथ बांधवले, तीन खंडांचा एक संच असे तीन संच. तिचं जीवनवृत्त आणि वर्षावर्षाचे गोषवारे याच ग्रंथांत शेवटी येतात. पूर्वजांच्या जुन्या सनदांपासून सुरुवात आणि शेवट स्वतःवर. आपलं आयुष्य तिने घराण्याच्या दप्तरातला पुरावा म्हणून लावलं आहे. तारीख, वार, कोणत्या किल्ल्यात, कोणत्या खोलीत झोपले, इतक्या बारकाईने ती का लिहिते याचं उत्तर तिथे मिळतं. कोण कुठे कधी राहिलं यावर वहिवाट सिद्ध होत असे.

सनावळी

तारखांबद्दल लिहायलाच हवं, कारण नेटवरच्या निम्म्या चुका इथल्या आहेत.

तेव्हाच्या इंग्लंडात ज्युलियन पंचांग चालू होतं. फ्रान्स-स्पेनच्या मानाने दहा दिवस मागे. शिवाय सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली कुठलीही तारीख दिसली की थांबा आणि लिहिणारा कोणतं साल धरतो आहे ते बघा.

तिचा जन्म आपण ३० जानेवारी १५९० म्हणतो, जुन्या हिशोबाने तो १५८९ चा. जहागिरीच्या वादावरचा राजाचा निवाडा १४ मार्च १६१७ चा, जुन्या कागदांवर १६१६. तिचा मृत्यू २२ मार्च १६७६ चा, म्हणजे सरकारी वर्ष बदलायला तीन दिवस उरले होते. ॲपलबीच्या सेंट लॉरेन्स चर्चमधल्या थडग्यावर १६७५ कोरलं आहे. पाथरवटाची ती चूक नव्हे.

आणखी एक ध्यानात ठेवण्याजोगं. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला तो दिवस ३० जानेवारी १६४९. ॲनला त्याच दिवशी एकोणसाठ वर्षं पूर्ण झाली.

रिकामी दौत

१६१६ चा मे महिना कुणीतरी सलग मांडायला हवा, मी प्रयत्न करते.

पार्श्वभूमी अशी. ॲनचं लग्न १६०९ मध्ये रिचर्ड सॅकव्हिलशी झालं आणि दोनच दिवसांत तो डॉर्सेटचा अर्ल झाला. देखणा, उधळ्या, कायम कर्जात. त्याला तडजोड हवी होती, कारण तडजोडीत रोख रक्कम होती आणि ती त्याच्या हातात पडणार होती. फेब्रुवारीत कँटरबरीच्या आर्चबिशपने तिला बाजूला घेऊन दीड तास समजावलं. तिने आईला विचारल्याशिवाय काही करणार नाही एवढंच सांगितलं आणि उत्तरेला आईकडे गेली. २ एप्रिलला ब्रूअमजवळच्या रस्त्यावर मायलेकींनी निरोप घेतला. पुन्हा भेट नाही.

आता मे. नवऱ्याच्या नोल इथल्या मोठ्या घरात ती आणि पावणेदोन वर्षांची मुलगी, मार्गारेट. ३ तारखेला नवऱ्याची पत्रं येतात की मुलीला उद्या लंडनला पाठवा. ती लिहिते, आधी फार जड गेलं, पण अडवलं तर नवरा जास्त चिडेल आणि मुलीचेच हाल होतील म्हणून पाठवायचं ठरवलं. थोड्याच दिवसांत दुसरा निरोप, मूल आता हॉर्स्लीला राहील, नोलला परत येणार नाही. त्याच महिन्यात ते प्रसिद्ध वाक्य येतं. नवरा लंडनला कोंबड्यांच्या झुंजी, बोलिंगची मैदानं, नाटकं, घोड्यांच्या शर्यती यांत आहे, सगळं जग त्याची वाहवा करतं. मी मात्र इथे, करार मान्य करत नाही म्हणून बहुतेकांच्या दोषाला पात्र, ओसाडीतल्या घुबडासारखी. हे घुबड १०२ व्या स्तोत्रातलं आहे. बायबल तोंडपाठ असलेल्या त्या काळच्या वाचकाला पुढच्या ओळीही ऐकू आल्या असणार, शत्रू दिवसभर माझी निंदा करतात.

२९ तारखेला बातमी आली की आई गेली. २४ लाच गेली होती. निरोप पोचायला पाच दिवस लागले.

एका महिन्यात एवढं होऊन रोजनिशीत रडारड जवळजवळ नाही. "जड", "दुःखाचा दिवस" असे दोन-तीन शब्द आणि पुढची नोंद. ज्यांना ती कोरडी वाटते त्यांनी या नोंदी एका बैठकीत वाचाव्यात, सुट्या उताऱ्यांत नाही.

शंकासूर

मूल परत मिळालं का तिला?

रिकामी दौत

मिळालं. पुढच्या वर्षीच्या नोंदी त्याची साक्ष देतात आणि मला त्या सगळ्यांत प्रिय आहेत. १६१७ च्या एप्रिलअखेरीस मुलीला पहिल्यांदा व्हेलच्या हाडाच्या कांड्या घातलेली चोळी चढवली. १ मे रोजी तिच्या अंगरख्याला शिवलेले पट्टे ॲनने कापून टाकले. मूल चालायला शिकताना मागून धरायला हे पट्टे असत. पहिल्यांदा दोन-तीनदा पडली, पण लागलं नाही, असं लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी लेस लावलेला पहिला झगा. मधूनमधून मुलीला थंडीताप येतो, त्याच्या पाळ्यांचीही नोंद.

एक बारकावा. या वर्षांत ती लेकीला नुसतं "द चाइल्ड" म्हणते. पुढे १६१९ मध्ये, मुलगी पाच वर्षांची होते तेव्हापासून, "लेडी मार्गारेट". नकलकाराने मध्येच नाव बदललं असं समजू नका.

कायदेकानू

त्याच वर्षीच्या जानेवारीतला राजासमोरचा प्रसंग राहिला. १८ जानेवारी १६१७. आधी राणीने, डेन्मार्कच्या ॲनने, तिला सावध केलं की प्रकरण पूर्णपणे राजाच्या हाती सोपवू नकोस, तो फसवेल. मग नवरा-बायको राजासमोर गुडघे टेकून. राजा म्हणतो माझ्यावर सोपवा. ॲनचं उत्तर : महाराजांनी माफ करावं, जिवंत असेतो कुठल्याही अटीवर वेस्टमोरलंड सोडणार नाही. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. चुलता, चुलतभाऊ, सरदार, सरन्यायाधीश, वकील असे सगळे जमलेले आणि ती एकटी. तिने तेच सांगितलं. राजा भडकला.

१४ मार्चला निवाडा आला तो तिच्याविरुद्धच. जहागीर चुलत्याला आणि त्याच्या पुरुषवंशाला, डॉर्सेटला मोठी रक्कम. पण त्यात एक कलम होतं. चुलत्याचा पुरुषवंश संपला तर सगळं ॲनकडे यावं. तेव्हा या कलमाला कुणी किंमत दिली नसेल. चुलता १६४१ मध्ये गेला, त्याचा एकुलता मुलगा हेन्री डिसेंबर १६४३ मध्ये, मागे मुलगा नाही. सव्वीस वर्षांनी ते कलम लागू झालं.

या निवाड्यावर तिने सही केली नाही, एवढ्यानेच तिला सगळं मिळालं असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. तसं नाही. मिळालं ते याच निवाड्यातल्या कलमामुळे आणि दोन पुरुषांच्या मृत्यूंमुळे. सही न केल्यामुळे एवढं झालं की आपला हक्क आपण विकला असं तिला कधी कुणी म्हणू शकलं नाही. माझ्या मते तिला तेच हवं होतं.

चुनागच्ची

१६४३ मध्ये मिळालं खरं, पण राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटलेली. डॉर्सेट १६२४ मध्ये वारला होता. पाठोपाठ तिला देवी आल्या आणि चेहरा बिघडला. १६३० मध्ये तिने पेंब्रोकचा अर्ल फिलिप हर्बर्टशी दुसरं लग्न केलं, तेही चार-साडेचार वर्षांत फिसकटलं. युद्धात पेंब्रोक पार्लमेंटच्या बाजूला, ही मनाने राजाची. गंमत अशी की त्याच नवऱ्याच्या लंडनमधल्या बेनर्ड्स कॅसलमध्ये ती सहा वर्षं नऊ महिने सुरक्षित राहिली. आपल्याला लपायला मिळालेली जागा, असं तिनेच म्हटलं आहे. जुलै १६४९ मध्ये उत्तरेकडे निघाली आणि लंडन कायमचं सुटलं.

किल्ल्यांची अवस्था काय होती हे माहीत असल्याशिवाय १६५० नंतरचे गोषवारे समजत नाहीत. स्किप्टन तीन वर्षं वेढ्यात टिकून डिसेंबर १६४५ मध्ये पडला, आणि १६४८ च्या शेवटी पार्लमेंटने तो निकामी करवला. ब्रफ १५२१ मध्ये जळलेला. पेंड्रॅगन १५४१ मध्ये जळलेला, म्हणजे शंभरावर वर्षं छप्परच नाही. ॲपलबी, ब्रूअम, बार्डन टॉवर यांचीही पडझड.

तिने सहाही उभे केले. स्किप्टनला परवानगी मिळाली ती अटीवर. छप्पर तोफेचं वजन पेलेल इतकं भक्कम करायचं नाही. म्हणून आज तिथे भिंतीचा खालचा भाग जुना जाडजूड आणि वरचा तिच्या वेळचा पातळ दिसतो. जोड शोधायचा असेल तर भिंतीची जाडी बघा, दगडाचा रंग फसवतो. पन्हळीच्या शिशावर तिची आद्याक्षरं आहेत, ए आणि पी, म्हणजे ॲन पेंब्रोक. आतल्या चौकातलं यूचं झाड १६५९ चं.

दारावरचा शिलालेख मुळातून वाचाच. १६५७ आणि १६५८ मध्ये दुरुस्ती केली, किल्ला डिसेंबर १६४८ पासून पडून होता, वेस्टमिन्स्टरला तेव्हा बसलेल्या पार्लमेंटच्या हुकमाने तो जवळजवळ पायापर्यंत पाडला होता, असं सरळ लिहिलं आहे. पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेल याच्या हयातीत हाती घेतलेलं काम आहे हे! सगळ्या पदव्यांत एक पदवी वेगळी, वारशाने आलेली "शेरीफेस". वेस्टमोरलंडचं शेरीफपद क्लिफर्डांकडे वंशपरंपरेने होतं, ते तिने स्वतःकडे ठेवलं आणि उपशेरीफ नेमून चालवलं. शेवटी बायबलमधल्या यशया ५८:१२ चा संदर्भ. तो श्लोक पडलेलं पुन्हा बांधणाऱ्याबद्दल आहे.

दप्तरदार

बांधकामाच्या यादीत दोन गोष्टी घालतो. ॲपलबीचं सेंट ॲन्स हॉस्पिटल, १६५१ ते १६५३ मधलं. हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे, निराधार बायकांचं आश्रयगृह. एक "मदर" आणि बारा "सिस्टर्स". आणि ब्रूअमजवळचा काउंटेस पिलर, १६५६ चा. आईचा शेवटचा निरोप घेतला त्याच जागी. शेजारी दगडी मेज आहे. दर २ एप्रिलला त्यावर ब्रूअमच्या गरिबांना ४ पौंड वाटावेत अशी कायमची तरतूद तिने केली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कुळांशी ती कठोर होती. मालक बदलला की कुळांनी द्यायचा नजराणा आणि जुन्या बोलीवरचा खंड यांवरून वेस्टमोरलंडच्या कुळांबरोबर तिने वर्षानुवर्षं कज्जे चालवले. स्वतः जुन्या हक्कासाठी भांडली, पण कुळांनी त्यांचा जुना हक्क सांगितला तेव्हा तिने तो मानला नाही. गोषवाऱ्यांत हे सगळं फक्त तिच्याच बाजूने येतं. कुळांचं म्हणणं कोर्टाच्या कागदांतूनच मिळेल.

शंकासूर

एक वाक्य सगळीकडे फिरतं. "बळकावणाऱ्याने मला धमकावलं, दरबाराने दुर्लक्ष केलं, पण प्रजाजनाचा हुकूम मी ऐकणार नाही, तुमचा माणूस उभा राहणार नाही." हे रोजनिशीत कुठे आहे?

सनावळी

कुठेच नाही. ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र पहिल्यांदा छापलं गेलं १७५३ मध्ये, लेखक होरेस वॉलपोलमार्फत, "द वर्ल्ड" या नियतकालिकात. ती जाऊन तेव्हा सत्त्याहत्तर वर्षं झाली होती. धाटणी अठराव्या शतकाची आहे आणि जाणकार ते बनावट मानतात. मागचा प्रसंग मात्र खरा. १६६८ मध्ये पार्लमेंटमधली ॲपलबीची जागा रिकामी झाली, जोसेफ विल्यमसनसाठी दरबारातून दबाव आला, ती बधली नाही आणि तिचा नातू थॉमस टफ्टन निवडून आला.

ओळखायचा साधा उपाय. तिची खरी वाक्यं लांब, "आणि", "जे", "ज्या दिवशी" यांनी जोडत नेलेली असतात, मधे तारीख आणि जागा येतेच. तीन तुकड्यांचं टाळ्या घेणारं वाक्य दिसलं की संशय घ्यावा.

चुनागच्ची

चित्राचं कुणी बोललं नाही. १६४६ मध्ये, लंडनमध्येच अडकलेली असताना, तिने तीन भागांचं प्रचंड चित्र काढून घेतलं. मधे आईवडील आणि दोन भाऊ, डावीकडे ती पंधरा वर्षांची, उजवीकडे छप्पन्न. पंधरा म्हणजे जहागीर गेली ते वय. मधली चाळीस वर्षं, दोन्ही नवऱ्यांचा काळ, चित्रात नाहीच. नवरे आहेत ते उजवीकडे, मागे टांगलेल्या छोट्या तसबिरींत. फडताळांतली पुस्तकंही नीट बघा, नावं वाचता येतात. चित्र आता केंडलच्या ॲबट हॉलमध्ये आहे.

रिकामी दौत

शेवटच्या तीन महिन्यांबद्दल लिहून थांबते.

१६७६. वय शहाऐंशी. ती ब्रूअममध्ये, वडील जन्मले त्याच किल्ल्यात. ती सांगते, कारकून लिहून घेतात. रोजच्या नोंदीत दोन काळ शेजारी ठेवलेले असतात, आज काय झालं आणि आजच्याच तारखेला साठ वर्षांपूर्वी काय झालं होतं. १६१६-१७ चे तेच प्रसंग, आर्चबिशप, राजा, निवाडा, दिवसाबरहुकूम परत येतात. जुन्या वह्या समोर वाचून घेतल्याशिवाय हे शक्य नाही. म्हणून वर दप्तरदारांनी दिलेला क्रम बरोबर आहे. १६१६ आधी वाचलेलं नसेल तर १६७६ नुसती हिशोबाची वही वाटते.

आणि हिशोबही आहेतच. पेन्रिथहून आणलेल्या २४९ यार्ड लिननचे पैसे आपल्यासमोर चुकते करवले, त्यातून चादरींच्या वीस जोड्या आणि काही उशांचे अभ्रे करायचे. जुनी मोलकरीण भेटायला आली, तिचा मुका घेतला, तिला हरणाच्या कातड्याचे हातमोजे दिले. डोक्यावरचे सगळे केस कापून घेतले. अंगावर कायम साधा काळा सर्ज, म्हणजे लोकरी कापड. बिशप रेनबोने अंत्यविधीच्या प्रवचनात सांगितलं की तिच्या खोलीच्या भिंतींवर, पडद्यांवर आवडती वचनं कागदावर लिहून टाचलेली असत आणि त्यांवर ती दासींशी चर्चा करी.

रोजच्या नोंदीच्या शेवटी एक ओळ पुन्हा पुन्हा येते. आज मी घराबाहेर गेले नाही, खोलीबाहेरही गेले नाही. २१ मार्चची नोंदही याच ओळीवर संपते. २२ ला ती गेली.

शंकासूर

१६१६ पासून सुरू करतो. नकलांच्या समासातल्या टिपा तिच्याच धरायच्या का?

दप्तरदार

हो, त्या तिच्याच धरतात. वाचताना मुख्य नोंद आणि समासातली टीप वेगळ्या ठेवा, दोन्ही एकाच वेळच्या असतील असं गृहीत धरू नका. काही छापील प्रतींत त्या मजकुरात मिसळल्या आहेत आणि मग एकाच दिवशी ती दोन ठिकाणी असल्यासारखी वाटते. समास वेगळा दाखवणारी प्रत निवडा.